हजारो अंधुक चित्रांतून एक रेणू



४ ऑक्टोबर २०१७ रोजी स्वीडनच्या रॉयल विज्ञान अकादमीने त्या वर्षीचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना विभागून दिल्याचे जाहीर केले. स्वित्झर्लंडचे झाक दुबोशे, केंब्रिज येथील प्रयोगशाळेचे रिचर्ड हेंडरसन आणि अमेरिकेत स्थायिक झालेले योआखिम फ्रँक ही ती तीन नावे होत. सजीवांच्या पेशीतील रेणू गोठवलेल्या स्थितीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहून त्यांची रचना निश्चित करण्याची पद्धत या तिघांनी विकसित केली होती. त्यांपैकी फ्रँक यांचे कार्य काहीसे निराळे आहे. त्यांनी नवे भिंग घडवले नाही, की नवा सूक्ष्मदर्शक उभारला नाही. सूक्ष्मदर्शकाने दिलेल्या अंधुक चित्रांतून अर्थ काढणारे गणित, आणि ते गणित संगणकाकडून बिनचूक करवून घेणारी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, ही त्यांची विज्ञानाला मिळालेली देणगी होय.

या कार्याची आणखी एक बाजू शासकीय सेवेतील मंडळींनी आवर्जून ध्यानात घेण्याजोगी आहे. फ्रँक यांचे सर्वांत महत्त्वाचे संशोधन एखाद्या विख्यात विद्यापीठात झाले नाही. ते न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत, आल्बनी या राजधानीच्या गावी झाले. १९७५ पासून २००८ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, हा शास्त्रज्ञ एका राज्य शासनाच्या प्रयोगशाळेत काम करीत होता.

दिसण्याची मर्यादा

शाळेच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकातून कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी दिसतात, परंतु पेशीच्या आतील प्रथिनांचे रेणू दिसत नाहीत. भिंग कितीही उत्तम घडवले, तरी प्रकाशाच्या तरंगांची लांबी आड येते. साध्या प्रकाशाने सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा लहान तपशील वेगळा ओळखता येत नाही. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. जिवाणूच्या पेशीत प्रथिने तयार करणारा रायबोसोम हा घटक जेमतेम वीस-पंचवीस नॅनोमीटरचा असतो. अणूंमधील अंतरे तर याहूनही लहान असल्यामुळे ती अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे नॅनोमीटरच्या दहाव्या हिश्श्यात, मोजावी लागतात.

१९३१ मध्ये बर्लिन येथे माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरणारा सूक्ष्मदर्शक तयार केला. इलेक्ट्रॉनच्या तरंगांची लांबी अतिशय कमी असल्याने अणूंपर्यंत पोहोचण्याची वाट तत्त्वतः मोकळी झाली. धातू आणि स्फटिक यांच्या अभ्यासाला त्याचा मोठा उपयोग झाला. सजीवांच्या रेणूंच्या बाबतीत मात्र दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली अशी, की या यंत्राच्या आत निर्वात पोकळी असते, त्यामुळे रेणूभोवतीचे पाणी उडून जाते आणि रेणूचा आकार बिघडतो. दुसरी अडचण अधिक अवघड होती. स्पष्ट चित्र मिळण्यासाठी झोत प्रखर ठेवावा, तर तो झोतच नाजूक रेणूची मोडतोड करतो. आणि रेणू वाचावा म्हणून झोत मंद ठेवावा, तर चित्र इतके कणीदार येते, की त्यात रेणू आहे की नाही, हेही डोळ्यांना कळत नाही.

काही शास्त्रज्ञांनी यातून एक मार्ग काढला होता. १९६८ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड डीरोझियर आणि एरन क्लूग यांनी विषाणूच्या शेपटीची त्रिमितीय आकृती चित्रांवरून तयार केली. १९७५ मध्ये हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी एका जिवाणूच्या पटलातील प्रथिनाची रचना दाखवली. या दोन्ही ठिकाणी निसर्गानेच रेणू ओळीने, शिस्तीत मांडून ठेवले होते. एकाच नमुन्याची पुनरावृत्ती झाली असल्यामुळे अनेक रेणूंची सरासरी आपोआप मिळत होती. परंतु पेशीतील बहुसंख्य रेणू अशा रांगांत उभे राहत नाहीत. ते जत्रेतील माणसांप्रमाणे वाटेल त्या दिशेला तोंड करून विखुरलेले असतात. अशा विखुरलेल्या रेणूंचे काय करावयाचे, हा प्रश्न शिल्लक होता आणि फ्रँक यांनी तोच हाती घेतला.

युद्धकाळातील बालपण ते आल्बनी

योआखिम फ्रँक यांचा जन्म १२ सप्टेंबर १९४० रोजी जर्मनीतील झीगन शहरालगतच्या वायडेनाऊ या गावी झाला. बालपणाची पहिली वर्षे महायुद्धाच्या छायेत गेली. युद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत घराच्या मोठ्या व्हरांड्याखाली हा मुलगा आपले प्रयोग करीत बसे. पुढे फ्रायबुर्ग आणि म्युनिक येथे त्यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले. म्युनिकच्या माक्स प्लांक संस्थेत वाल्टर होप्पे यांच्या मार्गदर्शनाखाली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे संगणकाच्या साहाय्याने तपासण्याचे काम करून १९७० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या काळी चित्र फिल्मवर घेतले जाई. तिचा काळेपणा ठिपक्याठिपक्याने मोजून आकडे संगणकाला द्यावे लागत. चित्र म्हणजे अखेर आकड्यांचा तक्ता आहे, आणि तक्त्यावर बेरीज, वजाबाकी, तुलना करता येते, ही दृष्टी त्यांना तेथे मिळाली.

त्यानंतर शिष्यवृत्तीवर दोन वर्षे ते अमेरिकेत होते. कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत अवकाशयानांनी पाठवलेली चित्रे संगणकाने स्वच्छ करण्याचे काम त्या वेळी चालू होते, ते त्यांनी जवळून पाहिले. पुढे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करीत असताना त्यांची मूळ कल्पना आकाराला आली. १९७५ मध्ये एका छोट्या निबंधात त्यांनी ती मांडली. रांगेत नसलेल्या वस्तूंचीही अत्यंत मंद झोतात घेतलेली पुष्कळशी चित्रे संगणकाने एकावर एक बरोबर बसवली, तर त्यांच्या सरासरीतून वस्तूचे रूप प्रकट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी ते आल्बनी येथे रुजू झाले.

ज्या प्रयोगशाळेत ते गेले, तिची परंपरा सार्वजनिक आरोग्याची होती. रोगनिदानाच्या चाचण्या आणि पाण्याची तपासणी ही तिची नित्याची कामे. तिच्याच सेवेतील एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन स्त्री-संशोधकांनी १९५० मध्ये बुरशीजन्य रोगांवरील औषध शोधून काढले आणि न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून त्याला निस्टॅटिन हे नाव दिले. नित्याची सेवा आणि मूलभूत संशोधन ही दोन्ही एका छपराखाली नांदू शकतात, याचा अनुभव त्या प्रयोगशाळेला फ्रँक येण्यापूर्वीच होता. पुढे हीच प्रयोगशाळा वॉड्सवर्थ केंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली.

बाजारातील गोंगाट आणि शाळेची प्रार्थना

फ्रँक यांच्या पद्धतीचे मर्म एका साध्या उदाहरणाने समजेल. एक शाळा भर बाजाराच्या शेजारी आहे, अशी कल्पना करावी. रोज सकाळी मुले तीच प्रार्थना म्हणतात, पण बाजाराच्या गोंगाटात ती ऐकू येत नाही. एका दिवसाचे ध्वनिमुद्रण ऐकले, तर गोंगाटाखेरीज काही हाती लागणार नाही. मात्र शंभर दिवसांची ध्वनिमुद्रणे एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली, तर चमत्कार वाटावा असा परिणाम होतो. प्रार्थना रोज तीच असल्यामुळे तिची भर पडत जाते. गोंगाट रोज निराळा असल्यामुळे तो परस्परांना छेद देत विरत जातो. या गोष्टीचा हिशेब ठरलेला आहे. शंभर चित्रांची सरासरी घेतली, तर गोंगाटाच्या तुलनेत वस्तू दहापट स्पष्ट होते. दहा हजार चित्रांची घेतली, तर शंभरपट. स्पष्टता चित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढते.

परंतु येथे एक मेख आहे. प्रार्थना एके दिवशी सात वाजता सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी सात वाजून दोन मिनिटांनी, तर ती एकावर एक बसणार नाही आणि सरासरीत सारेच पुसले जाईल. चित्रांच्या बाबतीतही असेच घडते. प्रत्येक चित्रात रेणू थोडा सरकलेला आणि थोडा वळलेला असतो. तो किती सरकला आणि किती वळला, हे आधी ठरवावे लागते. पण ज्या चित्रात रेणू धड दिसतच नाही, त्यात त्याचे स्थान कसे ठरवावयाचे? एक चित्र दुसऱ्यावर सरकवत आणि फिरवत न्यावे, प्रत्येक स्थितीत दोघांतील साम्य मोजावे आणि साम्य सर्वाधिक असेल ती स्थिती योग्य मानावी, असा मार्ग फ्रँक यांनी सुचवला. केंब्रिजच्या ओवेन सॅक्स्टन यांच्यासह १९७७ मध्ये त्यांनी गणिताने दाखवून दिले, की रेणूला इजा न करणाऱ्या मंद झोतातही ही तुलना करता येते. १९७८ मध्ये एका प्रथिनाच्या चित्रांवर ही पद्धत यशस्वीपणे वापरण्यात आली.

'स्पायडर' आज्ञावली

कल्पना सुचणे वेगळे आणि ती रोजच्या वापरात आणणे वेगळे. चित्र वाचणे, सरकवणे, फिरवणे, त्याचा नको असलेला भाग झाकणे, दोन चित्रांची तुलना करणे, सरासरी काढणे अशा डझनावारी क्रिया हजारो चित्रांवर कराव्या लागत होत्या. प्रत्येक नव्या प्रयोगासाठी नवा कार्यक्रम लिहीत बसले असते, तर संशोधकाचे आयुष्य त्यातच सरले असते. फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामुळे प्रत्येक क्रियेचा एक स्वतंत्र, नीट तपासलेला भाग तयार केला. हे भाग हवे त्या क्रमाने जोडून वापरकर्त्याने आपली कार्यपद्धती स्वतः रचावी, अशी ती योजना होती. सुताराच्या पेटीत करवत, रंधा, पटाशी ही अवजारे वेगवेगळी असतात. त्याच अवजारांनी कोणी पाट बनवतो, तर कोणी पाळणा. त्या धर्तीवर रचलेली ही आज्ञावली १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून 'स्पायडर', म्हणजे जाळे विणणारा कोळी, हा शब्द तयार होतो. त्याच नावाने ती जगातील प्रयोगशाळांत पोहोचली.

याच सुमारास आणखी एक प्रश्न सोडवणे भाग होते. रेणू विखुरलेले असल्यामुळे कोणी समोरून दिसतो, कोणी बाजूने, तर कोणी पाठमोरा. समोरची आणि बाजूची चित्रे एकत्र केली, तर सरासरी फसवी निघणार. म्हणून सरासरीपूर्वी चित्रांची प्रतवारी करणे आवश्यक होते. १९८१ मध्ये नेदरलँड्सचे मारिन व्हान हील आणि फ्रँक यांनी संख्याशास्त्रातील एक पद्धत यासाठी वापरली. सागरी अश्वनाल खेकड्याच्या निळ्या रक्तातील प्रथिनाच्या चित्रांचे त्यांनी गट पाडून दाखवले. एका गटातील चित्रे एकाच बाजूने घेतलेली आहेत, अशी खात्री त्यामुळे देता येऊ लागली. व्हान हील यांनीही 'इमॅजिक' नावाची स्वतंत्र आज्ञावली सिद्ध केली.

उरली ती तिसरी मिती. सूक्ष्मदर्शकातील चित्र म्हणजे एक प्रकारे रेणूची सावली होय. एका सावलीवरून वस्तूची उंची-जाडी कळत नाही. मात्र निरनिराळ्या दिशांनी पडलेल्या सावल्या मिळाल्या आणि त्या दिशा ठाऊक असल्या, तर वस्तूचे पूर्ण रूप पुन्हा उभे करता येते. फ्रँक आणि त्यांचे सहकारी मिखाएल राडरमाखर यांनी नमुन्याचे तबक एकदा कलते आणि एकदा आडवे ठेवून चित्रांच्या जोड्या घेण्याची युक्ती योजली. १९८७ मध्ये या मार्गाने रायबोसोमच्या मोठ्या अर्धकाची त्रिमितीय आकृती प्रसिद्ध झाली.

रायबोसोमचे गूढ

रायबोसोमचीच निवड का, असा प्रश्न साहजिक आहे. जनुकांतील संदेश वाचून त्याबरहुकूम प्रथिने जोडणारा हा कारखाना जिवाणूपासून मानवापर्यंत प्रत्येक पेशीत असतो. शिवाय वैद्यकाच्या दृष्टीनेही त्याचे महत्त्व मोठे आहे. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन, तसेच टेट्रासायक्लिन आणि एरिथ्रोमायसिन ही औषधे जिवाणूच्या रायबोसोमवरच आघात करतात. हे औषध नेमके कोठे बसते आणि जिवाणू त्याला दाद का देईनासा होतो, हे जाणण्यासाठी त्या कारखान्याची रचना समजणे अगत्याचे होते.

दरम्यान हायडेलबर्ग येथे दुबोशे यांनी पाण्याची अडचण दूर केली होती. द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या इथेनमध्ये नमुन्याचा पातळ थर एकदम बुडवला, तर पाण्याला बर्फाचे स्फटिक बनण्यास अवसरच मिळत नाही आणि ते काचेसारखे गोठते. त्यात रेणू आपल्या नैसर्गिक आकारात जसाच्या तसा अडकून राहतो. गोठवण्याची ही रीत आणि आल्बनीची आज्ञावली यांचा संगम झाला, तेव्हा १९९५ मध्ये जिवाणूच्या संपूर्ण रायबोसोमची आकृती २५ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने उभी राहिली. २००० मध्ये फ्रँक आणि राजेंद्र अग्रवाल यांनी एक विलक्षण गोष्ट उजेडात आणली. संदेशाची फीत एक पाऊल पुढे सरकताना रायबोसोमचे लहान अर्धक मोठ्या अर्धकावर सुमारे सहा अंशांनी फिरते. विहिरीवरील रहाटाला उलट फिरू न देणारा खटका असावा, तशी ही चाल आहे. एक रेणू यंत्राप्रमाणे हलतो, ही गोष्ट चित्रांच्या प्रतवारीतून हाती आली होती.

याच काळात क्ष-किरणांच्या साहाय्याने रायबोसोमच्या स्फटिकांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ अणूंच्या पातळीवर पोहोचले. चिदंबरम येथे जन्मलेले आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर व्यंकटरामन रामकृष्णन, तसेच टॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना त्याबद्दल २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टाइट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये मोठ्या अर्धकाच्या स्फटिकाचे कोडे सोडवण्यास प्रारंभ केला, तेव्हा फ्रँक यांच्या प्रयोगशाळेतील धूसर आकृतीनेच त्यांना पहिला आधार दिला होता. तरीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या या शाखेला काही जण थट्टेने 'गोळ्यांचे शास्त्र' म्हणत. आकृत्यांत अणू दिसत नसत, नुसते गोळे दिसत, हे खरेच होते.

मनी वसे ते स्वप्नी दिसे

या पद्धतीत एक धोका दडलेला आहे आणि तो तिच्या पुरस्कर्त्यांनीच उघड केला, ही गोष्ट फार मोलाची आहे. चित्रे एकमेकांवर बसवताना एखाद्या अपेक्षित आकृतीशी त्यांची तुलना केली जाते. ती अपेक्षाच चुकीची असेल तर काय होते? हेंडरसन यांनी २०१३ मध्ये एका लेखातून याचे बोलके प्रात्यक्षिक दाखवले. कोणतीही वस्तू नसलेली, निव्वळ गोंगाटाची एक हजार चित्रे घ्यावीत. आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या छायाचित्राशी प्रत्येक चित्राची तुलना करून साम्य सर्वाधिक होईल अशा स्थितीत ते बसवावे आणि मग सरासरी काढावी. सरासरीत आइन्स्टाइन यांचा चेहरा दिसू लागतो! चित्रांत तो कधीच नव्हता. तो पाहणाऱ्याने आणला. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही आपली म्हण येथे गणिताने सिद्ध होते.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. त्याच वर्षी एड्सच्या विषाणूवरील प्रथिनाची एक प्रसिद्ध झालेली रचना या कारणाने वादात सापडली आणि ती गोंगाटातून निपजली असावी, असा आक्षेप हेंडरसन, व्हान हील आदी जाणकारांनी जाहीरपणे नोंदवला. अशा रचनेच्या आधारावर लस किंवा औषध बेतले जाणार असेल, तर चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागेल. पीक कापणी प्रयोगात अधिकाऱ्याने आपल्या अंदाजाला जुळणारीच शेते निवडली, तर आकडेवारी कितीही नेटकी दिसली तरी पैसेवारी चुकणार. तशातलाच हा प्रकार होय.

यावरील उपायही अनुभवी प्रशासकाला आणि शिक्षकाला ओळखीचा वाटेल. चित्रांचे प्रारंभीच दोन भाग करावयाचे आणि दोन्ही भागांवर सर्व प्रक्रिया एकमेकांचा संबंध येऊ न देता स्वतंत्रपणे करावयाची. शेवटी दोन्ही आकृत्या ताडून पाहावयाच्या आणि ज्या बारकाव्यापर्यंत त्या जुळतात, तेवढाच खरा मानावयाचा. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांनी परस्परांचे गुण न पाहता तपासावी, तसेच हे आहे. केंब्रिजच्या शोर्स शेरेस यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'रिलायन' या आज्ञावलीत ही शिस्त अंगभूत करण्यात आली. ती आज्ञावली सर्वांना विनामूल्य आणि तिच्या मूळ मजकुरासह उपलब्ध आहे. तिच्यातील प्रत्येक पायरी कोणालाही तपासता येते.

प्रयोगशाळेतून आरोग्याकडे

२०१३ च्या सुमारास फिल्मची जागा इलेक्ट्रॉन थेट मोजणाऱ्या अतिसंवेदनशील कॅमेऱ्यांनी घेतली. चार दशके घासूनपुसून तयार झालेले गणित त्यांची वाटच पाहत होते. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या डेव्हिड ज्युलियस आणि यीफान चेंग यांच्या गटांनी उष्णतेची आणि मिरचीच्या तिखटपणाची जाणीव करून देणाऱ्या प्रथिनाची रचना ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत दाखवली. २०२० मध्ये एका प्रथिनाची आकृती सुमारे १.२ अँगस्ट्रॉम इतकी सूक्ष्म मिळाली आणि तीत अणू सुटे सुटे दिसू लागले. 'गोळ्यांचे शास्त्र' अणूंचे शास्त्र झाले.

या शास्त्राची खरी कसोटी त्याच वर्षी लागली. जानेवारी २०२० मध्ये नव्या करोना विषाणूचा जनुकीय आराखडा जाहीर झाला. फेब्रुवारीतच टेक्सास विद्यापीठातील जेसन मॅकलेलन यांच्या गटाने विषाणूवरील काट्याच्या प्रथिनाची ३.५ अँगस्ट्रॉमपर्यंतची रचना प्रसिद्ध केली. ज्या कामाला पूर्वी वर्षे लागत, ते काही आठवड्यांत झाले. मानवी पेशीला हा काटा कोठे चिकटतो, प्रतिपिंडांनी त्याला कोठे अडवावे, हे जगातील संशोधकांना पाहता आले.

याच संकटात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, भारतातील पहिल्या रुग्णाच्या घशातील स्रावातून, नव्या विषाणूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रे मिळवली आणि मार्च २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुमारे ७० ते ८० नॅनोमीटरचे गोल कण त्यांत दिसतात. पुण्यातील चित्राने विषाणूची ओळख पटवली. टेक्सासमधील आकृतीने त्याच्या एका रेणूची घडण दाखवली. पहिल्या कामाला एका स्वच्छ कणाचे चित्र पुरते, दुसऱ्यासाठी असंख्य अंधुक चित्रे आणि आज्ञावली लागते. सार्वजनिक आरोग्याला दोहोंची गरज आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या परिसरात या पद्धतीची राष्ट्रीय सुविधा उभी आहे, ही समाधानाची बाब होय.

फ्रँक यांच्या जीवनक्रमाकडे पाहिले, तर काळाचा हिशेब डोळ्यांत भरतो. कल्पना १९७५ ची, आज्ञावली १९८१ ची, रायबोसोमची पूर्ण आकृती १९९५ ची आणि सर्वोच्च सन्मान २०१७ चा. पहिली वीस वर्षे या कामातून औषध निघाले नव्हते, की लस निघाली नव्हती. तरीही रोजच्या चाचण्या करणाऱ्या एका राज्याच्या आरोग्य खात्याने त्याला जागा दिली, यंत्रे दिली आणि मुख्य म्हणजे अवधी दिला.

शिक्षकांसाठी या कथेत आणखी एक गोष्ट आहे. सरासरी, वर्गमूळ, प्रतवारी आणि सावली हे चार धडे प्रत्येक शाळेत शिकवले जातात. फ्रँक यांच्या पद्धतीचा पाया त्याच चार धड्यांवर रचलेला आहे. एखाद्या आडगावच्या वर्गात उन्हातील काठीची सावली मोजणाऱ्या मुलाला हे सांगितले, की अशाच सावल्यांवरून एका माणसाने रेणूचे रूप शोधून काढले, तर त्या मुलाला आपला धडा निराळा दिसेल. आणि त्याने सावलीची लांबी पाटीवर लिहिली, की शेजारच्या मुलाला ती न दाखवता पुन्हा मोजावयास सांगावे. दोघांचे आकडे जुळले, तर मोजमाप खरे.